बाराचा टोला आणि अंगणातली काठी

मास्तरकीची सगळी वर्षं सांगत बसलो तर ती बदल्यांची यादी होईल, आणि ती यादी माझी मलाच वाचवणार नाही. म्हणून एकच वर्ष सांगतो, पहिलं. तेव्हा मी अजून मास्तर झालोही नव्हतो. निजामाच्या अमदानीत आमच्या बीड जिल्ह्यात शिक्षकाला मुदर्रिस म्हणत आणि माझा हुद्दा होता उमेदवार मुदर्रिस. म्हणजे वर्षभर सदर मुदर्रिसांच्या, म्हणजे मुख्याध्यापकांच्या, हाताखाली शिकवायला शिकायचं. वर्षाच्या शेवटी मोहतमिमसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे अधिकारी, येणार, एक पाठ बघणार, सदर मुदर्रिसांचा शेरा वाचणार आणि माणूस मुस्तकिल करायचा, म्हणजे नोकरीत कायम ठेवायचा, की घरी पाठवायचा ते ठरवणार.

घरी पाठवलं असतं तर मला दुकान होतं. आम्ही मूळचे धर्मापुरीचे, वडिलांचं किराण्याचं दुकान. पोरानं गादीवर बसावं असं त्यांना वाटे आणि मला गुळाच्या माशा हाकलण्याचा कंटाळा होता. एवढ्याशा कारणावरून मी मास्तर झालो.

ज्या गावी माझी नेमणूक झाली ते तालुक्याचं गाव होतं. नाव लिहीत नाही, कारण पुढं तिथल्या कचेरीची गोष्ट यायची आहे. शाळा म्हणजे दगडी भिंतींचा एक लांब सोपा आणि पुढं मोठं अंगण. सदर मुदर्रिस होते हमीदसाहेब. उंच, कृश, शेरवानीची वरची गुंडी कायम तुटलेली. मराठी बोलत ते अर्धी दखनी मिसळून, पण गावच्या पोरांकडून एक शब्द त्यांनी पक्का उचलला होता, 'कावून'. का, कशासाठी, ह्या अर्थाचा आमच्याकडचा हा शब्द ते दिवसातून पन्नासदा वापरत.

मला चौथीचा पदार्थपाठ दिला. आज ज्याला विज्ञान म्हणतात ते तेव्हा ह्या नावानं शिकवत. पहिला पाठ होता पाण्याचा. मी रात्रभर टाचण काढलं होतं आणि सकाळी मुलांकडून घोकून घेतलं : पाण्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मुलं सुरात म्हणत होती, मी खूश होतो. हमीदसाहेब मागं भिंतीला टेकून ऐकत होते. ते बाहेर गेले आणि थोड्या वेळानं तीन कळश्या घेऊन आले. एक शाळेमागच्या आडाची, एक नदीची, एक देवळाच्या बारवेची. कुणाच्या घरून तक्रार नको म्हणून त्यांनी वरून धार धरली आणि एकेका मुलाच्या ओंजळीत तिन्ही पाणी घातलं.

आडाचं पाणी तोंडात जाताच निम्मी मुलं थुंकली. ते मचूळ होतं. त्या पाण्यात डाळ शिजत नसे, म्हणून सारं गाव नदीवर जाई. मीही रोज नदीचंच पाणी पीत होतो आणि तरी वर्गात उभा राहून पाण्याला चव नसते म्हणून सांगत होतो.

शाळा सुटल्यावर त्यांनी मला एक अट घातली. महिनाभर मी वर्गात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. विचारायचं, वस्तू हातात द्यायची आणि गप्प बसायचं.

ही अट ऐकायला सोपी वाटते. ज्यांनी कधी शिकवलं नाही त्यांना सांगतो, मास्तराला गप्प बसण्यासारखी शिक्षा नाही. उत्तर जिभेवर आलेलं असतं, समोर पोरं चुकत असतात आणि आपण आपलं पंच्याच्या टोकाला पीळ देत उभं राहायचं. मुलांनी बी उलटं पेरलं तर मूळ वर जाईल की खाली, ह्यावर आठ दिवस भांडण चाललं. मूळ वरच येणार अशी माझी स्वतःची खात्री होती, आणि बोललो नाही म्हणून अब्रू वाचली. हरभऱ्यानं वळण घेऊन मूळ खाली घातलं. शेतकऱ्यांच्या पोरांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. मी मात्र ते गाडगं घरी नेऊन पुन्हा उकरून पाहिलं.

दिवाळीनंतर सावलीचा पाठ आला. पुस्तकात वाक्य होतं की दुपारी बारा वाजता सूर्य माथ्यावर येतो आणि सावली सर्वांत आखूड होते. मी अंगणात एक काठी पुरली, वडिलांच्या दुकानातल्या सुतळीला दगड बांधून ओळंब्यानं ती सरळ केली आणि मुलांना सांगितलं, बघा.

बारा वाजल्याचं कळायला गावात एकच साधन होतं, तहसील कचेरीचा तास. कचेरीच्या ओसरीत पितळेची जाड तबकडी टांगलेली होती आणि घड्याळात पाहून शिपाई तिच्यावर टोले देई. हा शिपाई म्हणजे लिंबाजी. त्याची मुलगी गोदा आमच्या चौथीत होती. वर्गातल्या तीन मुलींपैकी एक, सडपातळ, बोलायला कमी, पण नजर अशी की तिच्यासमोर खडूचा तुकडाही खिशात टाकायची सोय नव्हती. बापाचा टोला तिला लांबून कळे, म्हणून टोला पडला की सावलीच्या टोकावर खडा ठेवायचं काम तिला दिलं.

बाराचा टोला पडला, तिनं खडा ठेवला. आणि सावली आखूड होतच राहिली.

मी म्हणालो, खडा सरकला असेल. दुसऱ्या दिवशी तेच. मी म्हणालो, जमीन सपाट नाही. मुलांनी पाणी ओतून, उंचवटे खरवडून जमीन सपाट केली. तिसऱ्या दिवशी तेच. मग मात्र सगळ्यांना नाद लागला. टोल्यानंतर किती वेळानं सावली आखूड होते ते मोजायचं ठरलं, पण घड्याळ कुणाकडे होतं? गावच्या जोशांकडून मी लग्नातली घटिकेची वाटी मागून आणली. तळाला बारीक भोक असलेली ही तांब्याची वाटी पाण्यावर सोडली की भरत भरत एका घटकेत, म्हणजे चोवीस मिनिटांत, बुडते. टोला पडला की वाटी सोडायची, दर थोड्या वेळानं सावलीच्या टोकावर खडा ठेवायचा आणि त्या वेळी वाटी किती भरली ते पाटीवर लिहायचं. सावली परत लांबू लागली की मागं वळून काठीच्या सगळ्यात जवळचा खडा कोणता ते पाहायचं. तिथं तीनचार खडे अगदी सारखे दिसत. गोदा त्यातला मधला धरी.

कार्तिकात वाटी निम्मी भरे तोवर सावली आखूड होऊन जाई. पौषात वाटी पुरी बुडू लागली. माघ लागला तेव्हा एक वाटी बुडून दुसरीही निम्म्याच्या वर भरायची. मला अभिमान वाटत होता. ह्या मोजण्याचा गावात काय अर्थ लावला जाईल ते माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मुलं घरी जाऊन सांगणारच. बाजारात बोललं जाऊ लागलं की कचेरीचा तास लवकर वाजतो, आणि दिवसेंदिवस जास्तच लवकर वाजतो. आधी लोक हसले. पण त्याच सुमारास शेजारच्या गावच्या एका देशमुखांचा बांधाचा दावा कचेरीत होता. बाराला पुकारा झाला, देशमुख हजर नव्हते, दावा खारीज झाला. देशमुख सूर्याकडे बघून निघाले होते आणि माथ्यावर ऊन असताना कचेरीत पोचले, तर काम उरकलेलं. त्यांनी अर्ज दिला. अर्जात लिहिलं की शिपाई लिंबाजी वेळेआधी टोले देतो, ही गोष्ट शाळेच्या पोरांनी काठीनं सिद्ध केली आहे, सबब दावा पुन्हा चालवावा.

तहसीलदारसाहेब दौऱ्यावर होते. कचेरीतल्या कारकुनांनी आपल्या अंगावर येऊ नये म्हणून लिंबाजीकडून तासाचा लाकडी हातोडा काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत त्याला दारावर बसवलं. टोले दुसराच कुणी देऊ लागला. त्या दिवसापासून गोदा शाळेत येईनाशी झाली.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. लिंबाजी दारात वाकळेवर बसला होता. त्यानं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. आवाज चढवला नाही, ह्याचंच मला जास्त लागलं. म्हणाला, "मास्तर, काट्यावर काटा आल्याबिगर मी टोला दिला न्हाई, बारा वरसं झाली. आन माजी पोरगी खोटं मोजत न्हाई, ते बी मला ठावं हाय. आता ह्यातलं खरं काय, ते तुमीच सांगा."

गोदा आत चुलीपाशी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मी सरळ हमीदसाहेबांकडे गेलो आणि मनात होतं ते बोलून टाकलं. तहसीलदारांसमोर उभं राहून सांगतो की पोरांची मोजणी चुकली, काठी वाकडी होती. लिंबाजी सुटेल, मीही सुटेन, प्रकरण मिटेल. हमीदसाहेब म्हणाले, "कह देना आसान हाय. पन उद्या त्या पोरीला कोणत्या तोंडानं म्हणनार, बघ आणि सांग?"

मी विचारलं, मग खरं कोण, घड्याळ की काठी. ते म्हणाले की हा प्रश्न मी चुकीच्या माणसाला विचारतो आहे. आणि निघून गेले. त्यांना उत्तर माहीत होतं की नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न वर्गापुढे ठेवला. गोदाला मी हात जोडून घेऊन आलो होतो. घड्याळ खरं धरलं तर काठी खोटी, काठी खरी धरली तर घड्याळ खोटं, ह्यावर पोरं भांडू लागली. तेवढ्यात गोदा म्हणाली की बाबा सांगतात, कचेरीचं घड्याळ इथल्या कुणी लावलेलं नाही. साहेबांचं खिशातलं घड्याळ रेल्वेच्या ठेसनावरच्या घड्याळाशी मिळवून आणतात आणि त्यावरून भिंतीवरचं लावतात.

मी हमीदसाहेबांकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले की रेल्वे मुंबईला आणि कलकत्त्याला एकच घड्याळ वापरते.

मुंबईला आणि कलकत्त्याला सूर्य एकदम माथ्यावर येईल का? ह्याचं उत्तर मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण सांगायचं कसं, तर दाखवूनच. मी बाजारातून गोल भोपळा आणला. देठ वर धरला, त्याच्या पोटावर मध्यभागी दोन बाभळीचे काटे टोचले, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, आणि मुलांना म्हटलं, उन्हात धरून फिरवा. पहिल्यांदा एकानं तो उलटा फिरवला आणि सूर्य पश्चिमेला उगवला, तेव्हा वर्गात फार हसू झालं. मग गोदानं हातात घेतला. सावकाश फिरवला. पूर्वेच्या काट्याची सावली आखूड झाली, पश्चिमेच्या काट्याची अजून लांबच होती. अजून थोडा फिरवला, तेव्हा त्याची आखूड झाली. तिनं तो तसाच मागं नेला, पुन्हा पुढं आणला. तिच्या चेहऱ्यावर चार दिवसांत पहिल्यांदा काही हललं.

"रेल्वेचं घड्याळ ह्या काट्याचं हाय," ती पूर्वेचा काटा दाखवून म्हणाली, "आन आपण ह्या."

आठवड्यानं तहसीलदारसाहेब दौऱ्यावरून आले आणि बोलावणं आलं. हमीदसाहेब, मी, गोदा, आणि माझ्या काखेत भोपळा. कचेरीच्या अंगणात देशमुख बाकावर बसलेले, लिंबाजी खांबाशी उभा. तहसीलदार हैदराबादकडचे होते, मराठी जेमतेम. भोपळा पाहून त्यांनी विचारलं, "ये तरकारी किसलिए?" मी म्हटलं की हुजूर, आधी आपलं घड्याळ बघू या.

बाराला थोडा अवकाश होता. साहेबांनी खिशातलं घड्याळ काढलं. ते दौऱ्यात स्टेशनावर मिळवलेलं होतं. हमीदसाहेबांनी विनंती केली की आजचा टोला लिंबाजीनं द्यावा. लिंबाजी आत गेला, भिंतीवरच्या घड्याळासमोर हातोडा धरून उभा राहिला. आम्ही बाहेर. टोला पडला आणि साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. काट्यावर काटा होता.

देशमुख चटकन उठले आणि अंगणात आम्ही आधीच रोवलेल्या काठीकडे बोट दाखवून म्हणाले की मग ह्या सावलीचं काय. सावली खरोखरच अजून आखूड होत होती. गोदानं पाण्याचं घंगाळ आणलं, वाटी सोडली आणि खडे मांडू लागली. तहसीलदार खुर्ची उन्हात ओढून बसले. कचेरीतलं काम बंद पडलं, पक्षकार, कारकून, पाणक्या सगळे भोवती गोळा झाले. एक वाटी बुडली. दुसरी निम्म्याच्या वर गेली. सावली थांबली आणि परत लांबू लागली.

मग तिनं भोपळा घेतला. तिनं मराठीत सांगितलं, हमीदसाहेबांनी उर्दूत. साहेबांनी तो तिच्याकडून मागून घेतला आणि स्वतः फिरवून पाहिला. दोनदा, तीनदा. मला वाटलं आता देतील, पण त्यांनी हैदराबाद कुठं, बीड कुठं, असं विचारत आणखी दोन काटे टोचून घेतले. आमचा पाठ सोडून ते स्वतःचाच पाठ करू लागले होते.

शेवटी त्यांनी निकाल दिला. शिपाई बरोबर, मुलंही बरोबर. सरकारचं काम घड्याळावर चालतं, पण खेड्यातला माणूस उन्हावर चालतो, तेव्हा ह्यापुढं बाराच्या टोल्यानंतर दोन वाट्या बुडू द्याव्यात आणि मग दुपारचा पुकारा करावा. देशमुखांचा दावा पुन्हा चालवायला घेतला. लिंबाजीच्या हातातला हातोडा त्याच्याकडेच राहिला. तो हातोडा छातीशी धरून उभा होता आणि काय करावं न सुचून त्यानं तहसीलदारांच्या आधी भोपळ्यालाच नमस्कार केला.

आम्ही निघालो होतो. गोदा मात्र हलेना. साहेबांनी विचारलं काय. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, दिवाळीला अर्धी वाटी व्हती. आता पावणेदोन. भोपळा तर तोच हाय. मंग वाढलं कावून?"

भोवती पन्नास माणसं. तहसीलदार, देशमुख, कारकून. मी भोपळ्याकडे पाहिलं, हमीदसाहेबांकडे पाहिलं. ते आपल्या तुटलेल्या गुंडीच्या जागी बोट घालून आकाशाकडे बघत होते. ठोकून द्यायला काहीही चाललं असतं. थंडीत हवा जड होते म्हटलं असतं तरी कुणी आडवं आलं नसतं.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. तहसीलदार म्हणाले की कचेरीलाही ठाऊक नाही, आणि त्यांनी गोदाला कळलं तर येऊन सांगायला बजावलं.

वर्षाअखेर मोहतमिमसाहेब आले. माझा नमुना पाठ बेताचाच झाला, चुंबक ऐन वेळी हातातून पडून घरंगळत बाकाखाली गेला. हमीदसाहेबांनी माझ्या कागदावर जो शेरा मारला होता तो मला नंतर वाचायला मिळाला. उर्दूत एकच ओळ होती. ती अशी, की ह्या उमेदवाराला जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगायला तो लाजत नाही, मुस्तकिल करावा. मी मुस्तकिल झालो.

गोदानं मोजणं सोडलं नाही. वैशाखात शाळा सकाळची झाली तरी ती दुपारी येऊन एकटीच वाटी सोडी. एक दिवस मला हाक मारून म्हणाली की उतरलं, आता एक वाटीही पुरी बुडत नाही. म्हणजे ते वाढतही होतं आणि कमीही होत होतं. दोघांनाही काही उमगलं नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि तिचं लग्न.

त्यानंतरच्या मास्तरकीबद्दल फुशारकी मारण्यासारखं फार नाही. तपासणी जवळ आली की मीही घोकून घेत असे. वर्ग मोठे झाले, वेळ थोडा राहिला, आणि उत्तर देऊन टाकणं सोयीचं झालं. कितीतरी मुलांच्या तोंडातले प्रश्न मी अर्ध्यात तोडले असतील. त्याची चुटपुट आहे. पण गोदाचा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. पुष्कळ वर्षांनी औरंगाबादला एका जाड पुस्तकात त्याचं उत्तर सापडलं. पृथ्वी सूर्याभोवती सारख्या चालीनं फिरत नाही, थंडीत ती जरा पाय उचलून चालते, आणि शिवाय ती कललेली आहे, म्हणून सूर्याचा मध्यान्ह घड्याळाच्या मागंपुढं सरकतो. वाचून मला इतका आनंद झाला की तिथल्या तिथं कुणाला तरी सांगावंसं वाटलं, पण ज्याला सांगायचं ते माणूस तिथं नव्हतं.

ती भेटली केजच्या बाजारात. मी कामानिमित्त तिथं गेलो होतो. वांग्यांची पाटी पुढं घेऊन बसलेल्या बाईनं मला "मास्तर" म्हणून हाक मारली. केस पांढरे होऊ लागले होते, नजर तीच. लिंबाजी वारला होता, म्हणाली, शेवटपर्यंत टोले देत होता. मी मांडी घालून तिथंच बसलो. शेजारच्या बाईच्या ढिगातलं एक लिंबू उचललं, एका वांग्याला सूर्य केलं आणि लिंबू त्याच्याभोवती फिरवत, कलवत, थंडीत घाईनं, आषाढात सावकाश, असं सगळं समजावून सांगितलं. गिऱ्हाइकं खोळंबली होती. ती एकाग्र होऊन ऐकत होती. मधे एकदा तिनं लिंबू माझ्या हातातून घेऊन स्वतः फिरवून पाहिलं.

माझं झालं. तिनं लिंबू परत ढिगात ठेवलं.

"मास्तर, ह्ये तुमी वाचलंय का मोजलंय?"

"वाचलंय," मी म्हणालो.

"मंग बघाया पायजे," ती म्हणाली, आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकाला वांगी घालू लागली.